आठ निसर्गवेडे, दोन मराठी डॉक्टर आणि एक खटला

मुंबईच्या राणीबागेतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५ सप्टेंबर १८८३ रोजी, शनिवारी, आठ गृहस्थ एकत्र जमले. समोर फार मोठे ध्येय नव्हते. दरमहा भेटावे, आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत, जमवलेले प्राणी, कीटक, वनस्पती यांचे नमुने दाखवावेत आणि परस्परांचा उत्साह टिकवावा, एवढ्यासाठीच ही मंडळी बसली होती. या बैठकीतून जी संस्था उभी राहिली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आपली बीएनएचएस.

त्या आठांची नावे अशी: ई. एच. एटकन, कर्नल सी. स्विनहो, डॉ. डी. मॅक्डोनाल्ड, डॉ. जी. ए. मॅकनॉकी, जे. सी. अँडरसन, जे. जॉन्स्टन, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

संस्थेविषयी लिहिताना बहुतेक जण येथे 'सहा युरोपीय आणि दोन भारतीय' असे म्हणतात आणि पुढे थेट सलीम अलींपर्यंत उडी घेतात. हा धागा त्या दोन भारतीयांविषयी आहे. त्यातही शेवटच्या नावाविषयी अधिक, कारण ते नाव आपल्याकडे दोन वेगवेगळ्या फडताळांत ठेवले गेले आहे. निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात सखाराम अर्जुन हे 'दोन भारतीयांपैकी एक' असतात. समाजसुधारणेच्या इतिहासात ते 'रखमाबाईंचे सावत्र वडील' असतात. माणूस मात्र एकच, आणि दोन्ही गोष्टी घडल्या त्या एकाच वर्षा-दीड वर्षात.

प्रथम जागेविषयी. ज्या संग्रहालयात बैठक झाली तेच आजचे भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. आज आपण तेथे मुंबईचे जुने नकाशे आणि मातीच्या बाहुल्या पाहायला जातो. त्याची मूळ कल्पना मात्र 'या प्रदेशात काय पिकते, काय बनते, काय विकले जाते' ते मांडण्याची होती. धान्ये, तंतू, लाकडे, औषधी मुळ्या, रंग. त्यासाठी आरंभी झटलेल्यांत डॉ. जॉर्ज बर्डवुड होते आणि डॉ. भाऊ दाजीही होते. दोघेही वैद्यकातले. वर आठ नावे दिली आहेत त्यांत 'डॉ.' किती आहेत ते मोजून पाहा. चार. म्हणजे निम्मे.

हा योगायोग नाही. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या काळच्या वैद्यकीय शिक्षणात वनस्पतिशास्त्र हा शोभेचा विषय नव्हता. औषधे बहुतांशी झाडापाल्यातूनच येत, आणि पान, फूल, साल, मूळ पाहून वनस्पती ओळखता आली नाही तर डॉक्टरचे अडत असे. त्यात विलायतेहून येणारी औषधे महाग. प्रवासात आणि मुंबईच्या दमट हवेत ती खराबही होत. शेजारच्या काष्ठौषधीच्या दुकानात मात्र शेकडो वाळलेली मुळे, साली, बिया पोत्यांत भरलेल्या असत. या देशातल्या औषधांनीच काम भागले तर रुग्णालयाचा खर्च वाचेल, हा हिशेब सरकारलाही पटत होता.

अडचण नावांची होती. बाजारातले नाव आणि रानातले झाड यांची जोडी पक्की नसते. 'ब्राह्मी' हेच उदाहरण घ्या. काही ठिकाणी ब्राह्मी म्हणून बॅकोपा मॉनिएरी ही पाणथळीतली लहान, मांसल पानांची वनस्पती देतात, तर काही ठिकाणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे वाटोळ्या पानांची मंडूकपर्णी. दोन्ही ओलसर जमिनीवर पसरतात, दोन्हींना औषधी म्हणून मान आहे, पण त्या अगदी वेगळ्या कुळांतल्या आहेत. शंखपुष्पी आणि रास्ना या नावांचीही अशीच गत. एकाच नावाखाली प्रांतोप्रांती निराळी द्रव्ये विकली जातात. रुग्णाला गुण आला किंवा नाही आला, तरी तो नेमक्या कशाने, हे कसे सांगणार? म्हणून ज्याला देशी औषधांचा गंभीर अभ्यास करायचा होता त्याला आधी बाजार हिंडावा लागे, मग रान हिंडावे लागे. मूळ ज्या झाडाचे आहे ते झाड फुलोऱ्यात असताना गाठायचे, त्याची फांदी कागदांत दाबून वाळवायची आणि शेजारी चिठ्ठी लावायची: कोठे मिळाली, कोणत्या तारखेला, कोणी गोळा केली, लोक काय म्हणतात.

ही चिठ्ठी फार महत्त्वाची. तिच्यावाचून नमुना म्हणजे नुसता पालापाचोळा.

सखाराम अर्जुन हे नेमके या वाटेवरचे गृहस्थ होते. जन्म १८३९ चा. आडनाव राऊत. 'अर्जुन' हे वडिलांचे नाव. त्या काळी स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढेच लिहायची मुंबईत सर्रास पद्धत होती, म्हणून 'भाऊ दाजी', 'आत्माराम पांडुरंग' अशी नावे आपल्याला दिसतात. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकून ते डॉक्टर झाले आणि पुढे तेथेच वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. १८७९ साली त्यांनी मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची इंग्रजीत प्रसिद्ध केली. याखेरीज त्यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तके लिहिली, त्यांत गर्भविद्या आणि प्रसूती यांवरचेही एक होते. ज्या काळात सुशिक्षित घरांतसुद्धा या विषयावर मोठ्याने बोलणे अशिष्ट समजत, त्या काळात एक मराठी डॉक्टर मराठी वाचकासाठी त्यावर पुस्तक लिहीत होता. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आत्माराम पांडुरंग वयाने त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठे. १८८३ च्या बैठकीला ते साठीचे होते. संपूर्ण आडनाव तर्खडकर. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे त्यांचे थोरले बंधू. आत्माराम हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकाराने. १८७९ साली ते काही काळ मुंबईचे शेरीफ होते. त्यांची कन्या अन्नपूर्णा हिच्याकडे तरुण रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जाण्यापूर्वी, १८७८ साली, इंग्रजी बोलण्याचा सराव करायला राहिले होते आणि त्यांनी तिला 'नलिनी' हे नाव दिले होते. ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण ज्या घरात ती घडली त्या घराच्या कर्त्या पुरुषाने निसर्ग-अभ्यासाची संस्था स्थापण्यात भाग घेतला होता, हे क्वचितच कोणी सांगतो.

युरोपीय सहा जणांपैकी दोघांविषयी थोडे सांगायलाच हवे.

कर्नल चार्ल्स स्विनहो हे लष्करातले, पण जीव पतंग आणि फुलपाखरांत अडकलेला. त्यांचे बंधू रॉबर्ट स्विनहो हे चीनमधील पक्ष्यांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होते.

एडवर्ड हॅमिल्टन एटकन हे तर आपल्या साताऱ्याचे! १८५१ साली साताऱ्यात जन्मले. वडील स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्यात झाले, काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि १८७६ पासून मीठ व जकात खात्यात नोकरी केली. म्हणजे कामच असे की किनाऱ्यावरच्या खाड्या, मिठागरे आणि नाकी पालथी घालायची. 'एहा' या टोपणनावाने त्यांनी बंगल्याच्या आवारातले उंदीर, बेडूक, पाली, कावळे, मुंग्या यांच्यावर जे खुसखुशीत लेखन केले ते आजही वाचनीय आहे. पुढे गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवताप इतका का, याचा शोध घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले आणि त्यातून ॲनॉफेलिस जातीच्या एका डासाला 'एटकनाय' असे त्यांचे नाव मिळाले. एखाद्याच्या नावाने डास ओळखला जावा, हा सन्मान समजायचा की नाही ते वाचकांनी ठरवावे. एटकन यांना स्वतःला तो विनोद नक्की आवडला असता.

हेच एटकन नव्या संस्थेचे पहिले मानद चिटणीस झाले.

संस्थेला स्वतःची जागा नव्हती. नमुने जमू लागले तशी अडचण वाढली. १८८४ च्या जानेवारीत हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन नावाच्या व्यापाऱ्याने फोर्ट भागातील फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातील एक खोली देऊ केली. दुकान मद्याचे. साप आणि बेडूक ज्यांत टिकवतात ते मद्यार्कच, तेव्हा सोसायटीने फार दूरचे घर निवडले असे म्हणता येत नाही. फिप्सन पुढे १८८६ पासून जवळपास वीस वर्षे संस्थेचे चिटणीस होते. सापांवर त्यांचा विशेष अभ्यास होता.

मुंबईच्या हवेत नमुना टिकवणे हे किती कष्टाचे काम आहे याची कल्पना पावसाळ्यात पुस्तकांचे कपाट उघडणाऱ्याला येईल. दाबलेल्या पानांवर बुरशी येते, कसर कागदासकट फूल खाते, पक्ष्यांच्या कातड्यांना किडे लागतात. त्यासाठी कातड्याला आतून सोमलयुक्त साबण चोळत. तो माणसालाही विषारीच. एवढे सारे करून लेबल पुसट झाले की सगळे वाया. म्हणून दरमहा एकत्र येऊन नमुने दाखवण्याला अर्थ होता. एकाने ठाण्याच्या खाडीत पाहिलेला जीव दुसऱ्याने रत्नागिरीत पाहिलेला आहे का, हे समोरासमोर बसल्याशिवाय कळत नसे. तोवर असे अभ्यासक प्रांतभर विखुरलेले होते, आणि प्रत्येक जण आपली वही आपल्याशीच ठेवून बसला होता.

आता त्या दुसऱ्या फडताळाकडे वळू.

सखाराम अर्जुनांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला होता. जयंतीबाई सुतार समाजातल्या आणि त्या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. पहिल्या पतीपासून त्यांना एक मुलगी होती, रखमाबाई, जन्म २२ नोव्हेंबर १८६४. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे केली. रखमाबाईचे अकराव्या वर्षी लग्न झाले. वर दादाजी भिकाजी, वय १९. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, त्याचा खर्च सासऱ्यांनी करावा असे ठरले होते.

काही महिन्यांतच मुलगी वयात आली. रूढीप्रमाणे गर्भाधान संस्कार व्हायला हवा होता. सखाराम अर्जुनांनी तो होऊ दिला नाही.

येथे त्यांचे दोन चेहरे एक होतात, असे मला वाटते. बारा वर्षांच्या मुलीच्या शरीराला प्रसूती काय करते हे त्यांना धर्मग्रंथांतून शोधायचे नव्हते, रुग्णालयात ते रोज समोर होते आणि त्या विषयावर त्यांनी लिहिलेही होते. सुधारकांपैकी अनेकांनी बालविवाहाविरुद्ध शास्त्रार्थ केला. सखाराम अर्जुनांच्या हाती शास्त्रार्थापेक्षा वेगळे हत्यार होते. समोर जे दिसते ते नीट पाहायचे, आणि परंपरेने दिलेले नाव वस्तूला लागू पडत नसेल तर नाव बाजूला ठेवायचे, ही सवय. वाळलेल्या मुळीबाबत ती लागू आणि घरातल्या मुलीबाबत नाही, असा भेद त्यांनी केला नाही. त्या काळच्या कित्येक विद्वानांनी तो अगदी सहज केला होता.

दादाजीने शिक्षण सोडले आणि तो आपल्या मामाकडे राहायला गेला. रखमाबाई आईकडेच राहिली. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरी वाचू लागली. (हेच ते फ्री चर्च, ज्याचे एटकन यांचे वडील मिशनरी होते. मुंबई तेव्हा किती लहान होती पाहा!) वर्षे गेली. मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत सखाराम अर्जुनांना पत्र पाठवले: माझ्या पत्नीला माझ्याकडे येण्यापासून अडवू नका.

सनावळी पुन्हा पाहा. १५ सप्टेंबर १८८३ ला राणीबागेतील बैठक. जानेवारी १८८४ मध्ये सोसायटी फोर्ब्स स्ट्रीटला. मार्च १८८४ मध्ये वकिलाचे पत्र. म्हणजे नव्या संस्थेचे पहिले वर्ष आणि रखमाबाईंच्या खटल्याचे पहिले वर्ष सखाराम अर्जुनांच्या आयुष्यात एकमेकांवर आडवे पडलेले आहेत. रखमाबाईने जाण्यास नकार दिला आणि दादाजीने मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला.

निकाल पाहायला सखाराम अर्जुन राहिले नाहीत. १६ एप्रिल १८८५ रोजी त्यांचे निधन झाले. वय पंचेचाळीसच्या आसपास. रखमाबाईंच्या पाठीमागचा घरातला खंबीर पुरुष गेला, तोही खटला उभा असताना.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र ग्रंथ आहेत. १८८५ मध्ये 'अ हिंदू लेडी' या सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे आली. त्या रखमाबाई होत्या. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. जे पती-पत्नी कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांच्यात 'पुनःस्थापना' कशाची, आणि हा उपायही मूळचा हिंदू कायद्यातला नव्हे, इंग्लंडातून आलेला, असे त्यांचे म्हणणे. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. टिळकांनी आपल्या वृत्तपत्रांतून त्यांच्यावर कडक टीका केली, मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने २,००० रुपये घेऊन आपला हक्क सोडला.

समाजमाध्यमांवर दरवर्षी एक मजकूर फिरतो की राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून हे लग्न मोडले. कथा ऐकायला गोड आहे, पण प्रकरण मिटले ते या रोकड तडजोडीने. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.

आता या गोष्टीतले सर्वांत विलक्षण वळण. १८८३ च्या अखेरीस एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा रुग्णालय उभे राहत होते, त्याची धुरा त्यांच्याकडे येणार होती. एडिनबरा विद्यापीठात स्त्रियांना वैद्यक शिकू द्यावे म्हणून ज्या मोजक्या तरुणींनी झगडा केला त्यांपैकी त्या एक. रखमाबाईंना त्यांनी पाठिंबा दिला, डॉक्टर होण्याची उमेद दिली आणि लंडनला जाण्यासाठी पैसा उभा करण्यास मदत केली. १८८९ साली रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकायला रवाना झाल्या.

त्याच १८८९ साली एडिथ पीचींचे लग्न झाले. वर कोण? फोर्ब्स स्ट्रीटच्या दुकानात सोसायटीला खोली देणारे हर्बर्ट फिप्सन.

याचा अर्थ सोसायटीने रखमाबाईंना मदत केली असा काढू नये. तसे काही नव्हते. फिप्सन स्वतः स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीच्या कार्यात होते आणि सापांच्याही नादात होते. सखाराम अर्जुन औषधी वनस्पतींच्या नादात होते आणि घरात एका मुलीचा हक्क राखत होते. ही नाती संस्थांनी जोडलेली नाहीत, माणसांनी जोडलेली आहेत. जिज्ञासू, नोकरी-धंदा सांभाळून आणखी काही करू पाहणाऱ्या माणसांचा वर्ग मुंबईत मुळात लहान, त्यामुळे तीच नावे रुग्णालयाच्या निधीत, संग्रहालयाच्या समितीत, नमुन्यांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा भेटतात. आपण मात्र त्यांचे इतिहास वेगवेगळ्या शाखांत वाटून टाकले आणि मग एकाच माणसाचे दोन तुकडे झाले.

सोसायटीचे नियतकालिक सुरू झाले ते जानेवारी १८८६ मध्ये, एटकन आणि आर. ए. स्टर्नडेल यांच्या संपादनाखाली. सखाराम अर्जुन जाऊन तेव्हा साडेआठ महिने झाले होते. छापील पानांत लिहायला ते उरलेच नव्हते, आणि संस्थांची स्मृती बहुधा छापील पानांवरच पोसली जाते. पहिल्या काही दशकांतील ही पाने चाळली तर लिहिणारे बहुतांशी लष्करी अधिकारी, वनाधिकारी, न्यायाधीश, मळेवाले असे दिसतात. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश एच. एम. बर्डवुड यांनी माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी येथेच दिली. काम उत्तम. पण कोणत्या कातकऱ्याने वाट दाखवली, कोणत्या धनगराने झाडाचे नाव सांगितले, ते यादीत येत नाही. 'स्थानिक नाव' एवढ्या रकान्यात त्याचे सारे ज्ञान मावते. हा दोष एकट्या इंग्रजांचा म्हणता येणार नाही. आपल्या शहरी विद्वानांनी तरी कुठे नावे नोंदवली?

मराठी डॉक्टरांचा धागा मात्र तुटला नाही. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे. लष्करी वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेले, मराठीत कविताही लिहिल्या. सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबईच्या विषारी वनस्पतींवर दीर्घ लेखमाला लिहिली. १९१७ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी बामनदास बसू यांच्यासह केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. वनस्पतींवर काम करणारे आजही 'कीर्तिकर-बसू' असा त्याचा उल्लेख करतात. सखाराम अर्जुनांच्या १८७९ च्या सूचीत ज्या प्रश्नाला हात घातला होता, म्हणजे बाजारातले नाव कोणत्या झाडाचे, त्याचे विस्तृत उत्तर या ग्रंथाने दिले.

दरम्यान सोसायटी १८८६ मध्येच अपोलो स्ट्रीटवर मोठ्या जागेत गेली होती. तेथे १८९४ साली कारवारहून धनेशाचे एक पिल्लू आले. नाव पडले विल्यम. चिटणिसांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात ते सव्वीस वर्षे राहिले आणि संस्थेच्या बोधचिन्हावर जाऊन बसले. १९०८ साली सलीम नावाचा एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी घेऊन याच कार्यालयात आला. फिप्सन यांच्या जागी आलेले चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्याला ती ओळखून दिली आणि कपाटे उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आणि रखमाबाई? १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या. सुरतेत आणि नंतर राजकोटला त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांत कित्येक दशके काम केले. दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे वापरली, याचा उलगडा त्यांच्या चरित्रकारांना आजही पुरता झालेला नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फिप्सन दांपत्य १९०५ च्या सुमारास इंग्लंडला परतले. नाशिकजवळ स्त्रिया व मुलांसाठी त्यांच्या जोडनावाने एक आरोग्यधाम चालत असे.

मुंबईत असणाऱ्यांनी एखाद्या रविवारी भायखळ्याला जरूर जावे. संग्रहालय पाहून झाले की बाहेर राणीबागेतली जुनी झाडे पाहा, त्यांच्यावर नावांच्या पाट्या आहेत. पुढचा धागा कीर्तिकरांच्या विषारी वनस्पतींवर. कण्हेर, धोत्रा, बचनाग आणि मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत या तिघांनी केलेली ये-जा.